पाचव्या-सहाव्याच्या मधोमध

चौतीस वर्षं मी कोळशाचे नकाशे काढले.
सावनेरच्या संत्र्यांखाली किती मीटरवर काय,
वाळूचा दगड, चिकणमाती, कोळसा, पुन्हा दगड,
सगळं ट्रेसिंग पेपरवर, बारीक निबेने,
मान टेबलाला विकून टाकल्यासारखी वाकवून.
खाणीत उतरलो फक्त दोनदा.

म्हणून धंतोलीत त्या काळ्या फिल्मसमोर
मला काही समजावायची गरज नव्हती.
हे तर सेक्शन ड्रॉइंग.
मणका, गादी, मणका, गादी.
वरचे थर पांढुरके, ओले,
आणि पाचव्या-सहाव्याच्या मधला
काळा पडलेला, दबलेला, मागे जरा फुगून आलेला.
अशा जागी आम्ही तांबड्या पेन्सिलने लिहायचो :
छत धोक्यात.

रात्री इंदुमतीला म्हणालो, छत बसून राहिलं माझं.
ती म्हणाली, काहीही बोलून राहिले, जेवा आधी.
घास उचलला तर अंगठा आणि शेजारचं बोट
दुसऱ्याच कुणाचं.
मुंग्या खांद्यापासून निघत, कोपराशी वळत,
रांग न मोडता अंगठ्यापर्यंत.

मग ज्याने जे सांगितलं ते केलं.
साळ्याचं तेल. गळ्यात पट्टा, रात्रंदिवस.
शेहेचाळीस अंशांत कूलर बंद.
तीन उश्या, मग एक वीट, मग काहीच नाही.
आणि सुखदेव नक्षीनेच्या सलूनमधला तो जुना प्रकार,
हनुवटी धरून एक झटका,
कट्.
त्यानंतर तीन दिवस मी भिंतीशीच बोललो.

गौतमी खोब्रागडे, वय असेल एकोणतीस,
तिने आधी फिल्म बघितलीच नाही.
मला बघितलं. कसा बसतो, कुठवर वळतो.
कोपरावर हातोडी ठोकली,
डोळे मिटायला लावून बोटं ओळखायला लावली.
मग म्हणाली, काका, तुमच्या वयाच्या
अर्ध्या नागपूरची गादी काळीच निघेल.
सगळ्यांचं दुखून राहिलं का?
पाणी आटतं तिच्यातलं, केस पिकतात तसं.
नस चिडली आहे. बहुतेकांची होते शांत, वेळ घेते.

पट्टा काढून टेबलावर ठेवला तिने.
एक उशी. अर्ध्या तासाने उठायचं.
फोन डोळ्यांसमोर, मांडीवर नाही.
मान कुणाला मोडू द्यायची नाही.
आणि एक गोष्ट दोनदा सांगितली, आवाज उतरवून :
शर्टाची बटणं लागेनाशी झाली,
चालताना झोक गेला, लघवीवरचा ताबा सुटला,
तर व्यायाम नाही, त्याच दिवशी दवाखाना.

रोज सकाळी बटणं मोजतो. सात. लागतात.

व्यायाम म्हणजे हनुवटी मागे न्यायची,
सरळ मागे, खाली नाही,
चारचौघांत कुणी पगार विचारल्यावर जाते तशी.
पाच मोजायचे. दहा वेळा.
डोकं माझ्या चार बोटं पुढे राहायला गेलं होतं,
ते परततंय महिन्याला एक सूत.

नकाशात काढलेला थर हलत नाही.
पण खाली गेलो होतो त्या दोन वेळी
मी बघितलं होतं :
माणसं टेकूचे खांब ठोकून ठोकून ऐकतात,
ढिला वाजला की पाचर मारतात,
आणि त्याच भेगाळ छताखाली बसून डबा खातात.

दुखणं गेलं नाही.
डिसेंबरात सकाळी आठपर्यंत ते माझ्याआधी उठलेलं असतं.

काल सलूनमध्ये सुखदेवने सवयीने हनुवटी धरली.
नको, म्हटलं.
काहून साहेब?
आरशात बघतो तर त्याचीच मान
माझ्यापेक्षा पुढे,
आणि कैचीचा हात मधूनमधून झटकून राहिलेला.
म्हटलं, ठेव ती खाली. हनुवटी मागे घे.
मग आम्ही दोघं, माझ्या एका गालावर फेस,
दुहेरी हनुवट्या काढून पाच मोजत.
बाकड्यावरचा पोरगा
मोबाइलमधून मान वर काढून
बघून राहिला.